निःशस्त्र मध्यस्थ : परमगुरु संत लिओ महान्

जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायांत ज्युबिलीचा विधि सांगितला आहे. दर ५० व्या वर्षीं इस्राएल लोकांनीं देशभर शिंग वाजवावें, विकली गेलेली जमीन मूळ कुळाकडे परत जावी, आणि जो मनुष्य दारिद्र्यापायीं दुसऱ्याच्या घरीं राबत असेल त्यानें मोकळें होऊन आपल्या माणसांत परत यावें, असा तो विधि आहे. तेव्हां ज्युबिलीचा मूळ अर्थ रोषणाई नव्हे कीं मिरवणूक नव्हे. बंधनांत पडलेला मनुष्य घरीं परत येणें हा त्याचा मूळ अर्थ होय. आपल्या देवळाच्या या स्मरणिकेंत आपल्या वाडवडिलांचा, दात्यांचा व येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा वृत्तांत येणें उचितच आहे. त्याच्या जोडीला ज्युबिलीचा मूळ अर्थ ज्यांनीं आपल्या आचरणानें स्पष्ट केला अशा एका थोर संताचें चरित्र वाचकांस सादर करावें, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

संत लिओ यांचें नांव बहुतेकांच्या परिचयाचें आहे. हें नांव धारण करणारे परमगुरु आजवर १४ झाले. १४ वे लिओ २०२५ सालीं निवडले गेले. परंतु ज्यांच्यामुळें या नांवाला प्रतिष्ठा आली, ते पहिले लिओ पांचव्या शतकांत होऊन गेले. रोम येथें व्हॅटिकनच्या राजवाड्यांत राफाएल या जगप्रसिद्ध चित्रकाराच्या हातचें एक भव्य भित्तिचित्र आहे. एका बाजूनें शांत मुद्रेनें परमगुरु येत आहेत, दुसऱ्या बाजूस हूणांचा राजा अटिला दचकून मागें वळला आहे, आणि वर आकाशांत संत पेत्र व संत पौल उपसलेल्या तलवारी घेऊन प्रगट झाले आहेत, असा त्यांतील देखावा आहे. चित्र मनोहर आहे; परंतु आकाशांतील तलवारींची कथा मागाहून प्रचारांत आली. लिओंच्या काळच्या लेखकांनीं तिचा उल्लेख केलेला नाहीं. प्रत्यक्षांत जें घडलें तें इतकें झगझगीत नव्हतें. आपल्यासारख्या साध्या भाविकांस मात्र तें अधिक उपकारक आहे.

पूर्वायुष्य

लिओ यांचा जन्म इ. स. ४०० च्या सुमारास झाला. त्यांचें घराणें इटलीच्या तोस्काना प्रांतांतील होतें, अशी परंपरा आहे. त्यांच्या कोवळ्या वयांतच, म्हणजे इ. स. ४१० मध्यें, गॉथ लोकांचा राजा अलारिक यानें रोम शहर लुटलें. आठशें वर्षें ज्या नगरीच्या तटाआंत परक्या शत्रूनें पाऊल टाकिलें नव्हतें, ती नगरी तीन दिवस लुटारूंच्या हातीं राहिली. या घटनेनें सारें जग हादरलें. राजधानीचे दरवाजे अभेद्य नसतात, हा धडा लिओंच्या पिढीला असा लहानपणींच मिळाला.

पुढें लिओ रोमच्या ख्रिस्तसभेंत डीकन झाले. त्या काळीं रोमचा डीकन हा केवळ वेदीवर सेवा करणारा सेवक नसे. ख्रिस्तसभेचा पैसा, तिचीं शेतें, विधवा व अनाथ यांच्या पोषणाच्या याद्या, हें सर्व त्याच्या देखरेखीखालीं असे. कोणाच्या घरीं धान्य नाहीं, कोण तुरुंगांत आहे, कोण परदेशांतून निराधार होऊन आला आहे, याची माहिती डीकनला ठेवावी लागे. धर्मज्ञानांतही त्यांचा अधिकार मोठा होता. इ. स. ४३० च्या सुमारास योहान कासियन या विद्वान मठवाशानें नेस्तोरियसच्या चुकीच्या शिकवणीविरुद्ध ग्रंथ लिहिला, तो डीकन लिओ यांच्याच विनंतीवरून होय.

इ. स. ४४० मध्यें त्यांच्याकडे निराळ्याच प्रकारची कामगिरी आली. गॉल देशांत, म्हणजे हल्लींच्या फ्रान्समध्यें, साम्राज्याचा सेनापति एटियस व मोठा अधिकारी अल्बिनस यांच्यांत वितुष्ट आलें होतें. एकापाशीं सैन्य, दुसऱ्यापाशीं अधिकार. दोघे हट्टास पेटले असते तर यादवी माजून गरिबांचीं घरें जळालीं असतीं. हा तंटा मिटविण्यास लिओंना पाठविण्यांत आलें. ते गॉलमध्यें असतांनाच परमगुरु तिसरे सिक्स्तस निवर्तले, आणि रोमच्या लोकांनीं दूरदेशीं असलेल्या या डीकनची त्यांच्या जागीं निवड केली. ते परत येईपर्यंत लोकांनीं शांतपणें वाट पाहिली. ता. २९ सप्टेंबर ४४० रोजीं त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. दुसऱ्यांचीं भांडणें मिटविण्यास गेलेला मनुष्य परमगुरु होऊन परत आला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण पुढें जें काम त्यांच्या वांट्यास येणार होतें, त्याचा सराव त्यांना अगोदरच झाला होता.

रोमचा मेंढपाळ

परमगुरु या नात्यानें लिओ यांनीं २१ वर्षें ख्रिस्तसभेची धुरा वाहिली. प्रभु येशू ख्रिस्त खरा देव व खरा मनुष्य आहे, त्याच्या एका व्यक्तींत दोन्ही स्वभाव पूर्ण आहेत, ही शिकवण त्यांनीं कॉन्स्टँटिनोपलचे बिशप फ्लाव्हियन यांस इ. स. ४४९ मध्यें पाठविलेल्या पत्रांत विशद केली, आणि ४५१ मध्यें काल्सेदोनच्या विश्वपरिषदेनें तिचा स्वीकार केला. या एका कार्यासाठींच त्यांचें नांव अजरामर झालें असतें. परंतु त्याविषयीं इतरत्र पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आपणांस येथें त्यांच्या दुसऱ्या कार्याकडे वळावयाचें आहे.

तरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. लिओ यांचीं सुमारें १०० प्रवचनें आज उपलब्ध आहेत, आणि त्यांत कांहीं केवळ गरिबांसाठीं करावयाच्या वर्गणीविषयीं आहेत. उपास व दानधर्म हे एकमेकांस सोडून नसावेत, आपल्या ताटांतून जें वाचलें तें भुकेल्याच्या ताटांत पडावें, हा विचार त्यांत पुन्हा पुन्हा येतो. जे उघडपणें मागावयास लाजतात, त्यांना शोधून काढून त्यांची अब्रू राखून मदत द्यावी, असाही त्यांचा आग्रह दिसतो. इ. स. ४३९ मध्यें व्हँडाल लोकांनीं उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज शहर घेतल्यापासून तेथील निर्वासितांचे लोंढे इटलींत येऊं लागले होते. पळून आलेल्या माणसाच्या तोंडून युद्ध म्हणजे काय हें या परमगुरूंनीं वर्षानुवर्षें ऐकलें होतें. पुढें शत्रूसमोर उभे राहून ते जें मागणार होते, तें कोणासाठीं मागावयाचें, हें त्यांना नांवानिशीं ठाऊक होतें.

अटिलाची भेट

हूण हें नांव आपणां भारतीयांस अपरिचित नाहीं. त्याच शतकांत आपल्या देशांत गुप्त सम्राट स्कंदगुप्त यालाही हूणांशीं झुंजावें लागलें. ते हूण व अटिलाचे हूण एकाच वंशाचे कीं काय, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु दोहोंकडे त्या नांवाची दहशत सारखीच होती. अटिलानें ४५१ मध्यें गॉलवर स्वारी केली. तेथें सेनापति एटियस यानें गॉथ लोकांच्या साहाय्यानें त्याला अडविलें व परतविलें. परंतु पुढच्याच वर्षीं अटिला आल्प्स पर्वताच्या बाजूनें इटलींत उतरला. सम्राटाची बहीण होनोरिया हिनें आपणांस अंगठी पाठविली आहे, तेव्हां ती आपली वाग्दत्त वधू, आणि तिच्या हिश्शाचें राज्य आपणांस मिळालें पाहिजे, असें निमित्त त्यानें पुढें केलें होतें.

आड्रियाटिक समुद्राकांठचें आक्विलेया हें मोठें भरभराटीचें शहर होतें. त्याला हूणांनीं दीर्घकाळ वेढा घातला, आणि शेवटीं तें घेऊन असें उध्वस्त केलें कीं, त्याचें पूर्वींचें वैभव पुन्हा कधीं परत आलें नाहीं. हजारों माणसें दास म्हणून ओढून नेण्यांत आलीं. मग मिलान व पाविया हीं शहरें शत्रूच्या हातीं गेलीं. आदल्या वर्षीं मदतीस आलेले गॉथ या वेळीं आले नाहींत, आणि एटियसपाशीं समोरासमोर लढाई देण्याइतकें बळ नव्हतें. तेव्हां सम्राट तिसरा व्हॅलेंटिनियन, रोमचें सिनेट व लोक यांनीं अटिलाकडे वकील पाठविण्याचें ठरविलें. या कामासाठीं तिघांची निवड झाली : माजी कॉन्सल अव्हिएनस, माजी प्रीफेक्ट त्रिगेटियस, आणि परमगुरु लिओ.

या निवडींतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. त्रिगेटियस हा तहाच्या बोलण्यांत मुरलेला होता. ४३५ सालीं व्हँडालांशीं तह ठरविणारा तोच होता. अव्हिएनस हा सिनेटमधील अत्यंत वजनदार सरदार होता. राज्याचे हक्क, सरहद्द, होनोरियेचा हिस्सा, यांविषयीं बोलावयाचें तर तें या दोघांनीं बोलावयाचें. लिओंच्या हातीं देण्यासारखा एकही प्रांत नव्हता, एकही पलटण नव्हती. ज्यांचें कोणी नव्हतें अशांच्या वतीनें बोलणें एवढेंच त्यांचें काम. मध्यस्थानें आपल्या अधिकाराबाहेरचें वचन देऊं नये, हें पथ्य या मंडळाच्या रचनेंतच पाळलें गेलें होतें.

उत्तर इटलींत गार्दा सरोवरांतून निघणारी मिन्चियो नांवाची नदी आहे. तिच्या उताराजवळ इ. स. ४५२ मध्यें ही भेट झाली. परमगुरूंच्या तोंडीं जीं लांबलचक भाषणें पुढें घालण्यांत आलीं, तीं मागच्या लोकांनीं रचलेलीं आहेत. घडलें तें इतकेंच कीं, अटिलानें वकिलांचा आदरानें स्वीकार केला, युद्ध थांबविण्याची आज्ञा दिली, आणि तहाचें आश्वासन देऊन तो डॅन्यूब नदीपलीकडे निघून गेला. जातांना होनोरियेविषयींची मागणी पुन्हा बोलून दाखविण्यास तो विसरला नाहीं. पुढच्याच वर्षीं, ४५३ मध्यें, तो मरण पावला, आणि त्याचें साम्राज्य थोड्याच काळांत मोडून पडलें.

आतां कोणी विचारील कीं, एका वृद्ध धर्मगुरूच्या शब्दानें एवढें सैन्य परत फिरलें हें खरें मानावें काय ? प्रॉस्पर नांवाच्या समकालीन लेखकानें, जो स्वतः लिओंच्या परिवारांतला होता, त्याचें सारें श्रेय परमगुरूंना दिलें आहे. हिदातियस हा दुसरा समकालीन लेखक निराळीं कारणें देतो : इटलींत दुष्काळ पडला होता, हूणांच्या छावणींत रोगराई शिरली होती, आणि पूर्वेकडील सम्राट मार्सियन याचें सैन्य हूणांस त्रस्त करीत होतें. शिवाय रोम लुटल्यावर अलारिक थोड्याच दिवसांत मेला, याची धास्ती अटिलाच्या सरदारांना होती, असेंही एक लेखक सांगतो. या सर्व गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. भुकेनें व रोगानें बेजार झालेल्या सैन्याला परत फिरण्याची इच्छा असते, पण मानहानि न होतां परतण्यास निमित्त लागतें. तें निमित्त घेऊन कोणीतरी जिवावर उदार होऊन त्याच्या तंबूपर्यंत गेलें पाहिजे. परमेश्वर दुष्काळाचाही उपयोग करून घेतो आणि सज्जनाच्या शब्दाचाही. एकाचें महत्त्व सांगितल्यानें दुसऱ्याचें कमी होत नाहीं.

या भेटीविषयीं आणखी एक साक्ष आहे, ती फारशी कोणाला माहीत नाहीं. सुमारें ६० वर्षांनीं पूर्वेकडील बिशपांनीं परमगुरु सिम्माखस यांस एक पत्र लिहिलें. त्यांत या भेटीचा उल्लेख आहे, आणि लिओ यांनीं अटिलापाशीं बंदिवानांसाठीं शब्द टाकला, तोही केवळ ख्रिस्ती बंदिवानांसाठीं नव्हे तर यहुदी व मूर्तिपूजक यांच्यासाठींही, असें त्यांनीं म्हटलें आहे. वाचकहो, हें वाक्य राफाएलच्या चित्रांतील दोन्ही तलवारींहून मोलाचें आहे. बेडी पडलेल्या हाताचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या मेंढपाळानें विचारला नाहीं.

गायसेरिकची स्वारी

४५२ मध्यें मिळालेलें स्वास्थ्य फार दिवस टिकलें नाहीं, आणि या वेळीं आग घरांतूनच लागली. ४५४ मध्यें सम्राट व्हॅलेंटिनियन यानें मत्सरानें सेनापति एटियस याला स्वतःच्या हातानें ठार केलें. ४५५ च्या मार्च महिन्यांत एटियसच्या माणसांनीं सम्राटाचा सूड घेतला. पेत्रोनियस माक्सिमस नांवाचा सरदार गादीवर बसला, आणि त्यानें विधवा सम्राज्ञी युडोक्सिया हिला आपल्याशीं लग्न करावयास भाग पाडलें. इकडे कार्थेजमध्यें व्हँडालांचा राजा गायसेरिक संधीची वाट पाहातच होता. त्याच्या मुलाशीं वाग्दत्त झालेली राजकन्या माक्सिमसनें आपल्या मुलाला दिली, हें त्याला पुरेसें कारण झालें. त्याचें आरमार टायबर नदीच्या मुखाशीं येऊन धडकलें. माक्सिमस पळूं लागला, तेव्हां ता. ३१ मे रोजीं खवळलेल्या जमावानें त्याचा जीव घेतला. राजा नाहीं, सेनापति नाहीं, सैन्य नाहीं. अशा स्थितींत रोम शहर उघडें पडलें.

४५२ मध्यें लिओंच्या सोबत दोन बडे अधिकारी होते व पाठीशीं सम्राटाचें नांव होतें. आतां यांपैकीं कांहींच नव्हतें. समोरचा शत्रूही निराळा होता. अटिला मूर्तिपूजक होता. गायसेरिक हा एरियसच्या पाखंडाचा अनुयायी असून कॅथलिक बिशपांना आपल्या राज्यांतून हांकून देणारा होता. ज्याच्या दृष्टीनें परमगुरु हे धर्माचेच शत्रू, त्याच्याकडे जाऊन त्यांना दयेची याचना करावयाची होती. आणि गायसेरिकच्या छावणींत ना दुष्काळ होता ना रोगराई. परत फिरण्यास त्याला कांहीं कारण नव्हतें.

तरीही लिओ शहराच्या वेशीबाहेर त्याला सामोरे गेले. त्यांनीं त्याला परत जाण्यास सांगितलें नाहीं, कारण तें त्यानें ऐकलें नसतें. शहर लुटूं नको, असाही आग्रह धरून बसण्यांत अर्थ नव्हता. लूट हेंच त्याच्या येण्याचें प्रयोजन होतें. त्यांनीं अशा गोष्टी मागितल्या कीं, ज्या देण्यानें गायसेरिकचें कांहीं जाणार नव्हतें आणि न मिळाल्यास रोमकरांचें सर्वस्व जाणार होतें : शहर जाळूं नये, लोकांची कत्तल करूं नये, दडविलेलें धन काढण्यासाठीं कोणाचे हाल करूं नयेत. गायसेरिकनें तें मान्य केलें. ता. २ जून ४५५ रोजीं व्हँडाल शहरांत शिरले, आणि १४ दिवस त्यांनीं तें स्वस्थपणें लुटलें. राजवाडा रिकामा झाला. कापितोल टेकडीवरील ज्युपिटरच्या देवळाचें अर्धें सोनेरी छप्पर उतरवून नेण्यांत आलें. ख्रिस्तमंदिरांतील चांदीचीं भांडीं गेलीं. परंतु शहर जळालें नाहीं, आणि रस्त्यांतून रक्ताचे पाट वाहिले नाहींत.

या ठिकाणीं नीतिशास्त्राचा एक प्रश्न उभा राहातो. लुटारूला लूट करूं देण्याचें कबूल करणें हें पाप नव्हे काय ? उत्तर असें कीं, लिओ यांनीं लुटीला संमति दिली नाहीं. जें रोखणें त्यांच्या हातीं नव्हतें, त्यांत आणखी मोठ्या अपराधाची भर पडूं नये एवढ्यासाठीं त्यांनीं शब्द टाकला. घरांत शिरलेल्या चोराला, तिजोरी घे पण मुलाला हात लावूं नकोस, असें म्हणणारा बाप चोरीचा भागीदार होत नाहीं. मात्र असें बोलण्यास नम्रता लागते. सर्व कांहीं वांचविल्याची कीर्ति मिळण्याची आशा सोडून, जेवढें वांचेल तेवढें वांचवावें, आणि उरलेल्याचें दुःख पोटांत घालावें, हें वीरश्रीपेक्षां कठीण आहे. अटिलाच्या भेटीचीं चित्रें निघालीं, कारण तेथें विजय दिसत होता. गायसेरिकच्या भेटीचें तसें प्रसिद्ध चित्र नाहीं. परंतु माझ्या मतें लिओ हे त्या दुसऱ्या दिवशींच अधिक थोर ठरले.

जे वांचले नाहींत

व्हँडालांचीं गलबतें परत निघालीं, तेव्हां त्यांत केवळ सोनें नव्हतें. सम्राज्ञी युडोक्सिया व तिच्या दोन मुली आणि त्यांच्यासह हजारों स्त्रीपुरुष बंदिवान करून आफ्रिकेंत नेण्यांत आले. लिओंच्या शब्दानें त्यांचे प्राण राहिले होते. स्वातंत्र्य राहिलें नव्हतें. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांची वांटणी झाली. नवरा एका मालकाकडे गेला तर बायको दुसऱ्याकडे. आई एकीकडे, लेंकरूं दुसरीकडे.

त्या वेळीं कार्थेजचे बिशप देओग्रासियास नांवाचे एक वयोवृद्ध पुरुष होते. सुमारें १५ वर्षें तें बिशपपद रिकामें राहिल्यावर, व्हॅलेंटिनियन सम्राटानें रदबदली केल्यामुळें, गायसेरिकनें ४५४ च्या अखेरीस त्यांच्या नेमणुकीस परवानगी दिली होती. त्यांनीं देवळांतील सोन्याचांदीचीं सर्व पवित्र भांडीं विकून बंदिवानांस सोडविण्यास आरंभ केला, तो मुख्यतः ताटातूट झालेलीं कुटुंबें एकत्र राहावींत यासाठीं. इतक्या माणसांना राहाण्यास जागा नव्हती, म्हणून दोन मोठ्या देवळांत खाटा व पेंढ्याच्या शय्या मांडण्यांत आल्या. समुद्रप्रवासानें व हालअपेष्टांनीं पुष्कळजण आजारी होते. म्हातारे बिशप वैद्यांना घेऊन दिवसां व रात्रींही एकेका शय्येपाशीं जात, नाडी पाहात, आणि ज्याला जें योग्य तें अन्न देववीत. या श्रमानंतर ते फार वर्षें जगले नाहींत. लिओ यांनीं रोमच्या वेशीपाशीं जें काम अर्धें केलें, तें समुद्रापलीकडे दुसऱ्या एका मेंढपाळानें आपल्या परीनें पुढें नेलें. हीच ख्रिस्तसभेची एकात्मता.

इकडे रोममध्यें लिओ यांच्यापुढें रिकामीं देवळें होतीं. लहानसहान देवळांत मिस्साबली अर्पण करण्यास चांदीचें पात्र उरलें नव्हतें. सम्राट कॉन्स्टंटाइन यानें मोठ्या महामंदिरांना अर्पण केलेल्या चांदीच्या सहा भव्य घागरी मात्र शिल्लक होत्या. दोन लातेरान येथील, दोन संत पेत्राच्या व दोन संत पौलाच्या मंदिरांतील. प्रत्येकीचें वजन १०० रोमी पौंड. लिओ यांनीं त्या सहाही वितळविल्या, आणि त्या चांदीचीं भांडीं घडवून शहरांतील सर्व धर्मग्रामांच्या देवळांना वांटलीं. महामंदिराचें वैभव कमी झालें, पण गल्लीबोळांतल्या देवळांत पुन्हा घंटा किणकिणावी तशी प्रार्थना सुरू झाली. आपल्या देवळाच्या वेदीवरील कॅलिस पाहातांना ही गोष्ट आपण आठवावी.

सुटका झाल्याचें स्मरण ठेवणें लोकांना जड गेलें. शहराच्या सुटकेबद्दल ईश्वराचे उपकार मानण्यासाठीं जो दिवस पाळला जाई, त्या दिवशींच्या एका प्रवचनांत लिओ यांनीं मोठी खंत व्यक्त केली आहे. तें प्रवचन या स्वारीनंतरचें असें पुष्कळ अभ्यासक मानतात. देवळांत फारच थोडे लोक आले होते, आणि सर्कशीच्या खेळांना मात्र गर्दी लोटली होती. रानटी लोकांचीं मनें मऊ झालीं तीं ग्रहताऱ्यांच्या योगानें नव्हेत, ईश्वराच्या दयेनें झालीं, असें त्यांनीं आपल्या कळपाला बजाविलें. त्या सुटकेसाठीं शत्रूच्या तोंडीं कोण गेलें होतें, याचा त्यांत एका शब्दानेंही उल्लेख नाहीं.

घरीं परत आलेले

चरित्राचा शेवटचा भाग आक्विलेया येथील आहे. कांहीं वर्षांनीं त्या बाजूचे कांहीं बंदिवान सुटून घरीं परत येऊं लागले. तेव्हां तेथील बिशप निकेतास यांच्यापुढें मोठा पेंच पडला. नवरा मेला, निदान तो कधींच परत येणार नाहीं, असें समजून कित्येक स्त्रियांनीं दुसरा विवाह केला होता, आणि आतां पहिला नवरा दाराशीं उभा होता. कोणीं शत्रूकडे असतांना भुकेनें किंवा भीतीनें मूर्तींचा नैवेद्य खाल्ला होता. त्यांचें काय करावें, असें निकेतास यांनीं विचारलें.

ता. २१ मार्च ४५८ रोजीं लिओ यांनीं त्यांना उत्तर पाठविलें. बंदिवासांतून आलेल्या मनुष्याला त्याचें शेत व घर जसें परत मिळतें, तसा त्याचा संसारही परत मिळाला पाहिजे, पहिला विवाह कायम आहे, असा निर्णय त्यांनीं दिला. परंतु मध्यंतरीं जो दुसरा नवरा झाला, त्याला दोषी समजूं नये. आणि जे पति मागील गोष्ट विसरून पत्नीला पुन्हा प्रेमानें घरांत घेतात, ते प्रशंसेस पात्र आहेत, असेंही त्यांनीं लिहिलें. नैवेद्य खाल्लेल्यांनीं प्रायश्चित्त घ्यावें, मात्र त्याचें माप दिवसांच्या संख्येनें करूं नये, हृदयाच्या पश्चात्तापानें करावें. बेडी तुटली म्हणजे काम संपलें, असें या मेंढपाळानें मानलें नाहीं. सुटून आलेल्याला घरांत जागा, गांवांत मान आणि वेदीजवळ स्थान मिळेपर्यंत त्याची सुटका पूर्ण होत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें.

ता. १० नोव्हेंबर ४६१ रोजीं लिओ निवर्तले. संत पेत्राच्या मंदिराच्या ओसरींत त्यांना मूठमाती देण्यांत आली, आणि ६८८ मध्यें त्यांचे अवशेष मंदिराच्या आंत हलविण्यांत आले. १७५४ मध्यें त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य ही पदवी मिळाली. त्यांचा सण पूर्वीं ११ एप्रिलला येत असे. हल्लीं तो १० नोव्हेंबरला पाळला जातो.

उपसंहार

प्रिय धर्मबंधूंनो व भगिनींनो, आपणांपैकीं कोणावर अटिलासमोर उभें राहाण्याचा प्रसंग येईल असें नाहीं. परंतु संतापानें हात उगारलेला मनुष्य प्रत्येक गांवांत असतो; बांधावरून, वाटणीवरून, विहिरीच्या पाण्यावरून भाऊ भावाचें तोंड पाहात नाहीं, आणि त्या भांडणांत ज्यांचा कांहीं अपराध नाहीं अशीं म्हातारीं माणसें व मुलें होरपळतात. अशा वेळीं कोणीतरी मधें जावें लागतें. त्यानें कसें जावें, हें लिओ शिकवितात. रिकाम्या हातानें जावें. आपल्या मोठेपणासाठीं जाऊं नये. समोरचा जें देऊं शकेल तें मागावें, आणि जे सर्वांत दुबळे त्यांच्यासाठीं तें आधीं मागावें. आपला कोण व परका कोण, हें पाहूं नये. अर्धें यश आलें तर तेंही ईश्वराचें दान समजावें. आणि जें वांचवितां आलें नाहीं, त्याची सेवा दुसऱ्या दिवसापासून सुरू करावी.

ज्युबिलीच्या वर्षीं इस्राएलांत शिंग वाजत असे, तें ऐकून कोठल्यातरी दूरच्या शेतावर राबणारा मनुष्य घराकडे चालूं लागे. आपल्या देवळाची घंटा या महोत्सवांत वाजेल, तेव्हां तिचा नाद ऐकून आपल्या धर्मग्रामांतला एखादा दुरावलेला भाऊ, एखादी टाकलेली सून, एखादा तुरुंगांतून सुटून आलेला मुलगा आपल्या घराच्या उंबऱ्यापर्यंत परत यावा, आणि आंतून दार उघडलें जावें, अशी कृपा संत लिओ यांनीं आपल्यासाठीं प्रभूपाशीं मागावी.